सीमाभागातला मानसिक त्रास: कुणाला होतो, का होतो आणि काय करता येतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बचत गटांच्या बैठकीत, पारावर, दवाखान्याच्या बाकावर हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. एखादं माणूस गप्प गप्प झालं की आपण विचारतो, "त्याच्या डोक्यात काय बिघडलंय?" त्याआधी विचारायला हवं की त्याच्या घरात, कामात, खिशात काय चाललंय. खालची उत्तरं त्याच बाजूने लिहिली आहेत.

मानसिक त्रास म्हणजे वेड लागणं का?

नाही. झोप न लागणं, भूक मरणं, उगाच छातीत धडधडणं, कशात मन न रमणं, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येणं किंवा चिडचिड होणं, रोजच्या कामाला हात न लागणं, "आपला काही उपयोग नाही" असं वाटत राहणं, हे सगळं त्यात येतं. एखाददुसरा दिवस असं होणं कुणालाच चुकलेलं नाही. पण दोन-तीन आठवडे ते हटत नाही आणि कामधंदा, घर, माणसं यांवर परिणाम व्हायला लागतो, तेव्हा त्याची दखल घ्यायला हवी.

आपल्याकडे कुणी "मी उदास आहे" असं म्हणत डॉक्टरकडे जात नाही. "डोकं जड झालंय", "अंगात त्राण नाही", "पित्त उसळलंय", "जीव घाबरा होतोय बघा" असं सांगतात. त्यामुळे वर्षानुवर्षं पित्ताच्या नि ताकदीच्या गोळ्या घेणारी माणसं प्रत्येक गावात सापडतात.

हा त्रास मोजता येतो का?

अंदाज घेता येतो. रोनाल्ड केस्लर या अमेरिकी संशोधकाने तयार केलेली दहा प्रश्नांची यादी जगभर वापरतात. गेल्या ३० दिवसांत किती वेळा हताश वाटलं, किती वेळा जीव अस्वस्थ झाला, किती वेळा प्रत्येक काम ओझं वाटलं, असे प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, एकूण १० ते ५०. साधारण ३० च्या पुढे गेलं तर त्रास तीव्र मानतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची वेगळी यादी आहे. त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरला दाखवायला सांगतात. गुणांवरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच कळतं.

एक गोष्ट मात्र प्रश्न विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावी. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला हे प्रश्न विचारले तर ती मोकळेपणाने बोलत नाही आणि गुण कमी भरू शकतात.

आपल्या देशात असे किती लोक आहेत?

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही त्या बारांत नव्हती, पण देशाचं चित्र त्यातून कळतं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आयुष्यात कधी तरी होऊन गेलेल्यांचं प्रमाण १३.७ टक्के निघालं. कमी उत्पन्नाच्या घरांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण जास्त होतं. बहुतेक आजारांत, ज्यांना उपचार हवा त्यांतल्या दहांपैकी सातांहून जास्त लोकांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

सगळं गरिबीमुळे होतं का?

गरिबीचा संबंध पक्का आहे, पण नुसत्या कमी पैशांपेक्षा पैशाची अनिश्चितता जास्त पोखरते. महिन्याला ठरलेले थोडे पैसे येणारं घर एक वेळ तग धरतं. ज्या घरात उद्या काम मिळेल की नाही हेच ठाऊक नाही, तिथे झोप उडते. वडगाव-शहापूरचा मागवाला सुताचा भाव आणि साडीला गिऱ्हाईक या दोन्हींच्या मध्ये अडकलेला असतो. उद्यमबागेत कंत्राटावर असलेल्या पोराला ऑर्डर कमी झाली की घरी बसवतात. ऊस घालून बिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच.

आणि कर्ज. कर्जाचा आणि मनाच्या त्रासाचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे, अगदी उत्पन्न सारखं असलेल्या लोकांची तुलना केली तरी. आपल्या गल्लीत तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीच्या मिटिंगचा दिवस बघा. सकाळी कुणाच्या तरी पडवीत चटई अंथरतात, आठ-दहा बायका हातात पासबुक आणि मोजून गुंडाळलेल्या नोटा घेऊन बसतात. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांनी भरायचा. तो भरेपर्यंत कुणी उठायचं नाही. पैसे कमी पडलेली बाई त्या वेळात कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. पुढच्या वेळी ती दुसऱ्या फायनान्सकडून उचलते आणि पहिल्याचं भागवते. तीन-तीन, चार-चार ठिकाणी उचल झाली की घरात जेवताना बोलणं बंद होतं. भीती पैशांची असते, पण त्याहून जास्त चारचौघींत मान खाली जाण्याची असते.

हप्तेवाले दारात येऊन बसतात. याला काही कायदा आहे का?

आहे, आणि तो माहीत असला तर मनावरचं अर्धं ओझं उतरतं. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यांना दिलेल्या सूक्ष्म, म्हणजे छोट्या विनातारण कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं बंद आहे. ठरलेल्या ठिकाणी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच माणूस घरी येऊ शकतो. कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्जच देऊ नये, हाही नियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने बळजबरीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. छळ होत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि एकटं जाऊ नका, गटातल्या बायका सोबत न्या.

बायकांना हा त्रास जास्त का होतो?

नैराश्य आणि चिंतेचा त्रास बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, हे जवळजवळ सगळ्या देशांत दिसतं. "बायकांचं मन हळवं असतं" हे त्याचं उत्तर नव्हे. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात मानसोपचार तज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांचा मोठा अभ्यास केला. जिला नवऱ्याचा मार किंवा शारीरिक जबरदस्ती सोसावी लागते, जिला घरात कुठलाही निर्णय घेता येत नाही, जिला माहेरचा-सासरचा आधार नाही, जी विधवा आहे किंवा नवऱ्यापासून वेगळी राहते, जिच्या घरात पैशांची चणचण आहे, तिला हा त्रास जास्त होतो असं त्यात निघालं.

त्याच गोव्यातल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आपल्या प्रत्येक आशा ताईला माहीत असायला हवी. "अंगावरून पांढरं जातंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना जंतुसंसर्ग नव्हता. त्या तक्रारीचा जास्त जवळचा संबंध मनाच्या त्रासाशी निघाला. तपासणी करायलाच हवी. पण तपासणीत काही सापडलं नाही म्हणून तिला "काही नाही, जा घरी" म्हणून हाकलणं अन्याय आहे. ती दुसरंच काही सांगायला आलेली असते.

निपाणीतलं विडीचं काम घ्या. बाई मांडीवर सूप घेऊन बसते, पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. मध्येच भाकरी, मध्येच पोराचा अभ्यास, मध्येच सासऱ्याचं औषध. हात थांबला की मजुरी थांबते, कारण पैसे हजार विड्यांच्या हिशेबाने मिळतात. संध्याकाळी माल घालायला गेल्यावर त्यातल्या काही नापास होतात. घरातच काम असल्यामुळे तिला कामावर असल्याचा मान मिळत नाही आणि घरात असल्याचा विसावाही मिळत नाही. अशी बाई "डोकं ठणकतंय" म्हणाली तर डोक्याइतकंच तिच्या दिवसाकडे बघावं लागेल.

म्हणजे पुरुष सुखात आहेत?

मुळीच नाहीत. राष्ट्रीय सर्वेक्षणात सगळे आजार धरले तर पुरुषांचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त भरलं. त्याचं एक मोठं कारण दारू. आणि देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहांपैकी सात पुरुष असतात. पुरुष रडत नाही, तो चिडतो, पितो, गाडी वेगाने हाकतो, घरी उशिरा येतो. लोक त्याला वाईट चालीचा म्हणतात आणि त्याचं दुखणं तसंच राहतं.

आपल्याकडे एका गटाकडे कुणाचंच लक्ष नाही: तीस-पस्तिशीतली, शेती करणारी, लग्न न जमलेली मुलं. जमीन आहे, कष्ट आहेत, पण मुलीचे आईवडील "नोकरीवाला हवा" म्हणतात. दर लग्नसराईत नकार, दर यात्रेत पाहुण्यांचा "काय मग, यंदा?" हा प्रश्न. असा मुलगा हळूहळू कार्यक्रमांना जाणं टाळतो. घरच्यांना तो आळशी वाटायला लागतो. त्याच्याशी कुणी तरी लग्नाचा विषय न काढता बोलायला हवं.

कुठल्या वयात जास्त होतं?

एकच वय सांगता येत नाही. तरुणपणी नोकरी आणि लग्नाचा ताण असतो. राष्ट्रीय सर्वेक्षणात चाळिशीतल्या लोकांत प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. त्या वयात वर म्हातारे आईवडील, खाली मुलांची फी आणि मध्ये स्वतःचं बीपी अशी ओढाताण चालते. म्हातारपणी जोडीदार जाणं, ऐकू-दिसू कमी येणं आणि एकटेपण. पोरं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला गेलेली आणि घरात दोघंच, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत.

शिकलेल्या माणसाला त्रास कमी होतो का?

साधारणपणे हो. शिक्षणाने काम, पगार आणि माहिती मिळते म्हणून. शिकून काम मिळालं नाही तर मात्र उलटं होतं, अपेक्षा आणि परिस्थिती यांतलं अंतर खायला उठतं.

विधवा, टाकलेल्या, एकट्या बायकांचं काय?

यांच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्यावर एकटेपण, कमी उत्पन्न आणि समाजाची नजर ही तिन्ही ओझी एकदम पडतात. सौंदत्तीच्या आसपास आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना देवदासी म्हणून सोडलेल्या बायका आहेत. कर्नाटकात ही प्रथा १९८२ च्या कायद्याने बंद झाली, पण ज्यांचं आयुष्य त्यात गेलं त्या आता म्हाताऱ्या झाल्यात आणि त्यांच्या मुलांना आजही बापाचं नाव विचारून टोचतात. हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं ही काही गावांनी सुरू केलेली गोष्ट छोटी दिसते, पण तिच्यासाठी ती त्या महिन्यातली एकमेव बैठक असू शकते.

सीमाप्रश्नाचा मनावर परिणाम होतो का?

भाषिक अल्पसंख्याक असणं, म्हणजे आपल्याकडे कर्नाटकात मराठी असणं, हा आजार नाही. पण आपल्याला कमी लेखलं जातंय, आपलं काम आपल्या भाषेत होत नाही, ही भावना रोजची झाली की ती मनाला लागते. भेदभावाचा अनुभव आणि मानसिक त्रास यांचा संबंध अनेक देशांतल्या अल्पसंख्याक गटांत आढळला आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, दर १ नोव्हेंबरचा काळा दिन, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, या गोष्टी तीन पिढ्यांच्या घरांत बोलल्या गेल्यात. त्यांचं वजन आजोबांवर वेगळं पडतं आणि नातवावर वेगळं. आजोबांना प्रश्न सुटल्याशिवाय डोळे मिटायचे नसतात. नातवाला कन्नड येतं, त्याला नोकरीची घाई असते. या दोघांत वाद होतात आणि दोघंही आपापल्या जागी दुखावतात.

रोजच्या जगण्यात हा प्रश्न कागदावर भेटतो. उतारा, नोटीस, योजनेचा अर्ज कन्नडमध्ये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राचं जुनं धोरण आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असणारे साधारण पाचव्या हिश्शाइतके होते.

दवाखान्यात भाषेचा मुद्दा आणखी टोकदार होतो. ताप कुठल्याही भाषेत सांगता येतो. नवरा मारतो, हे बाईला मायबोलीतच सांगता येतं, आणि दुभाष्या म्हणून तिचा बारा वर्षांचा मुलगा उभा असेल तर तेही सांगता येत नाही. डॉक्टर कन्नड असो की मराठी, त्याने मुलाला बाहेर पाठवून मराठी येणारी परिचारिका बोलावली तरी पुष्कळ होतं. जत-अक्कलकोटकडच्या कन्नड बायकांना महाराष्ट्रातल्या दवाखान्यात हीच अडचण येते, तिथेही हेच करायला हवं.

दुसरी बाजूही आहे. तालीम, गणपती मंडळ, शिवजयंती, भजनी मंडळ यांतून माणसाला "मी कुणाचा तरी आहे" हे वाटतं, आणि असा आधार मनाला वाचवतो.

नवरा फौजेत किंवा गोव्याला. घरी बाईला काय त्रास असणार, पैसे येतात की?

पैसे येतात, पण निर्णय, आजारपण, शेत, सासू-सासरे, मुलं सगळं एकटीवर येतं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने फौजी घरं आपल्याकडे पुष्कळ. सीमेवर काही घडलं की त्या घरात टीव्ही रात्रभर चालू राहतो. बाहेर गेलेल्या माणसालाही खोली, एकटेपण आणि दारू गाठते. खानापूर भागातून गोव्याला कामाला गेलेल्या पोरांच्या घरच्यांनी "पैसे पाठवलेस का" याच्या आधी "जेवलास का" विचारावं.

पुरानंतर वर्षं झाली तरी पाऊस आला की भीती वाटते. हे बरोबर आहे का?

हो, असं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा एकदम चढल्या आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. आपत्तीनंतर बहुतेक लोक काही महिन्यांत सावरतात. ज्यांचं घर गेलं, जनावरं गेली, भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले किंवा ज्यांना आधीच त्रास होता, त्यांचा त्रास जास्त काळ टिकतो. पावसाळ्यात झोप पार उडत असेल तर उपचार घ्या, त्याने फरक पडतो.

शुगर, बीपीचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, दोन्ही बाजूंनी. जुनाट आजाराने मन खचतं आणि खचलेला माणूस औषध, पथ्य सोडतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याची सेवा करणाऱ्यालाही विचारा.

यातल्या पुष्कळ गोष्टी माझ्या वाट्याला आल्यात. म्हणजे मला होणारच?

नाही. हे संबंध हजारो लोकांच्या आकड्यांतून दिसतात, एका माणसाचं भविष्य त्यातून सांगता येत नाही. कर्जबाजारी, विधवा, पूरग्रस्त असूनही खंबीर राहिलेल्या बायका तुमच्याच गल्लीत आहेत. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७० च्या दशकात कष्टकरी बायकांचा अभ्यास केला. मन मोकळं करायला जवळचं माणूस असेल तर मोठं संकट येऊनही नैराश्याचा धोका कमी होतो, असं त्यांना दिसलं. शिवाय कारण आणि परिणाम दोन्हीकडून चालतात. बेकारीने मन खचतं, तसंच मन खचल्याने कामही सुटतं. म्हणून माणूस आळशी आहे असा शिक्का मारण्याआधी, पहिल्यांदा काय झालं ते विचारा.

परिस्थिती बदलत नाही, मग नुसतं बोलून काय होणार?

बोलण्याने कर्ज फिटत नाही, हे खरं. पण गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी केलेल्या मदतीने रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बोलण्यात आजार समजावणं, झोपेचं बघणं, अडचणींचे तुकडे करून एकेक हातात घेणं असतं. सगळी कर्जं एका कागदावर लिहून काढणं, हासुद्धा त्याचाच भाग होऊ शकतो.

त्याच वेळी, नुसत्या समुपदेशनावर भागवू नये. विधवा पेन्शन, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये, पडलेल्या घराची भरपाई यांचा अर्ज भरून देणं हा मानसिक आरोग्याचाच उपचार आहे असं आम्ही मानतो.

देवऋषीकडे नेलं तर?

देवाला जा, नवस करा, त्याने धीर येतो. पण बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं कुणालाही करू देऊ नका आणि चालू औषध थांबवू नका.

मग जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयात ठरावीक मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येतात. कुठला मंगळवार ते आशा ताईंना आधी विचारा. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, धारवाडला डिम्हान्स ही खास मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. कर्नाटकातल्या बायकांना कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमधून राज्यात जून २०२३ पासून तिकीट लागत नाही, त्यामुळे धारवाडचा खर्च आडवा येऊ नये.

घरातूनच बोलायचं असेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागते. त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

"जीव नकोसा झालाय" असं कुणी म्हणालं तर?

थट्टेवारी नेऊ नका, उपदेशही करू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली धोक्याची वस्तू, शेतीची औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा. १४४१६ ला फोन लावा किंवा थेट रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतात. त्याला शिक्षा करायची नसते आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं.

घरचं माणूस डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. काय करू?

"तुला मनाच्या डॉक्टरकडे नेतो" असं म्हटलं की कुणीही बिचकतं. झोप, डोकेदुखी, भूक यापासून सुरुवात करा आणि नेहमीच्या डॉक्टरकडेच आधी न्या, त्यांच्या कानावर मात्र आधी घाला. तरीही आलं नाही तर पहिल्या खेपेला तुम्ही एकटे जाऊन काय चाललंय ते सांगून या, किंवा टेलिमानसवर तुम्हीच बोला. दुसऱ्या माणसाबद्दल विचारायलाही तो फोन चालतो. जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास केव्हापासून आहे, झोप किती, जेवण किती, दारू किती, त्या सुमारास घरात काय घडलं होतं.